दोन भद्रावती : लोखंड, कोळसा आणि त्यांचे अवशिष्ट

उद्योगांचा इतिहास बहुधा उत्पादनाच्या अंगाने लिहिला जातो. कारखान्याची कल्पना कोणाला सुचली, भट्टी कोणत्या दिवशी पेटली, पहिल्या वर्षी किती टन माल बाहेर पडला, या गोष्टी काळजीपूर्वक नोंदवल्या जातात. त्याच भट्टीच्या दुसऱ्या तोंडातून काय बाहेर पडले, ते कोठे टाकले गेले आणि पुढे त्याचे काय झाले, याविषयी मात्र हे ग्रंथ सहसा मौन पाळतात. माल बाजारात जातो, त्याचा हिशेब राहतो. अवशिष्ट गावात राहते, त्याचा हिशेब राहत नाही. लोखंड आणि कोळसा या दोन उद्योगांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. या उद्योगांच्या धातुमळीत आणि राखेत मँगनीज, क्रोमियम, शिसे, आर्सेनिक यांसारखी मूलद्रव्ये असतात. सेंद्रिय कचरा कालांतराने कुजतो. ही मूलद्रव्ये कुजत नाहीत, केवळ स्थलांतर करतात. त्यांचा इतिहास म्हणूनच कारखान्याच्या आयुष्यापेक्षा दीर्घ असतो.

हा इतिहास वाचण्यासाठी भद्रावती या एकाच नावाची दोन गावे उपयोगी पडतात. पहिली चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती. तिचे जुने व्यवहारातील नाव भांदक. रेल्वे स्थानक आजही त्याच नावाने ओळखले जाते. दुसरी पूर्वीच्या म्हैसूर संस्थानातील, आजच्या कर्नाटकाच्या शिवमोग्गा जिल्ह्यातील भद्रावती. तिचे पूर्वीचे नाव बेंकिपूर. पहिलीच्या पोटात कोळसा आहे. दुसरीला लोहखनिज जवळ होते, पण कोळसा नव्हता. गेल्या दीडशे वर्षांत या दोन गावांच्या कथा एकमेकींत कशा गुंतत गेल्या, हे पाहिले असता अवशिष्टाचा प्रश्न अधिक स्पष्टपणे समोर येतो.

१. कीट : एक दुर्लक्षित साधन

लोखंड गाळताना वर तरंगून आलेल्या मळाला मराठीत कीट किंवा लोहकीट म्हणतात. आजच्या पारिभाषिक मराठीत त्यासाठी धातुमळी हा शब्द रूढ आहे. इतिहासाचे साधन म्हणून कीट नवे नाही. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात महापाषाणयुगीन वसाहतीत लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली. भट्टीतून निघालेले लोखंड केव्हाच झिजून, गंजून किंवा दूर जाऊन दिसेनासे होते. भट्टीपाशी टाकलेले कीट मात्र जागेवर राहते. विदर्भात इसवी सनापूर्वी पहिल्या सहस्रकात लोखंड गाळले जात होते, हे सांगणाऱ्या पुराव्यांत अशा कीटाचे स्थान महत्त्वाचे आहे. प्राचीन काळाचा अभ्यासक ज्या वस्तूला बोलता पुरावा मानतो, तीच वस्तू आधुनिक काळाच्या अभ्यासकाला केवळ कचरा वाटावी, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

भारतीय रसशास्त्रानेही कीटाची दखल घेतली होती. मंडूर या नावाने ते औषधात वापरले जाई आणि त्याची प्रत त्याच्या वयावरून ठरे. शंभर वर्षांहून जुने कीट उत्तम, ऐंशी वर्षांचे मध्यम, साठ वर्षांचे कनिष्ठ, आणि त्याहून अलीकडचे विषासमान, असा या परंपरेचा दंडक आहे. औषध म्हणून मंडूराची योग्यता हा येथील विषय नव्हे. महत्त्वाचे हे की ताजे कीट आणि जुने कीट यांत भेद करणारी, अवशिष्टालाही जन्मतिथी असते असे मानणारी दृष्टी आपल्याकडे होती. आधुनिक कारखान्यांच्या नोंदींत ही दृष्टी फार काळ आढळत नाही.

२. चांद्याचे अपुरे स्वप्न

त्या काळी चांदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात वरोडा येथे १८७१ मध्ये सरकारी कोळसा खाण सुरू झाली. पुढे रेल्वेही वरोड्यापर्यंत आली. याच जिल्ह्यात लोहारा येथील टेकडीवर उत्तम प्रतीचे लोहखनिज होते. कोळसा आणि खनिज एकाच जिल्ह्यात असल्याने येथे आधुनिक लोखंडाचा कारखाना उभा राहील, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने या जिल्ह्यातील लोहउद्योगाच्या शक्यतेविषयी १८८२ मध्ये अहवाल दिला. तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. नागपूरच्या एम्प्रेस मिलमुळे त्यांना हा प्रदेश अपरिचित नव्हता. मात्र वरोड्याचा कोळसा तपासणीत लोखंड गाळण्यास अयोग्य ठरला आणि खनिजाच्या सवलतींविषयीचे सरकारी नियमही प्रतिकूल होते. बेत मागे पडला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कर्झनच्या काळात खनिजविषयक धोरण सैल झाले. १९०२ मध्ये जमशेटजी अमेरिकेला गेले आणि चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याशी त्यांचा संबंध आला. पेरिनचे सहकारी सी. एम. वेल्ड यांनी चांदा जिल्ह्याचे सर्वेक्षण केले. निष्कर्ष पुन्हा निराशाजनक होता : खनिज चांगले, पण विखुरलेले, आणि कोळसा निरुपयोगी. याच सुमारास नागपूरच्या संग्रहालयात दोराबजी टाटांच्या नजरेस दुर्ग जिल्ह्याचा भूगर्भीय नकाशा पडला आणि शोधाची दिशा पूर्वेकडे वळली. १९०४ मध्ये प्रमथनाथ बोस यांच्या पत्राने मयूरभंजचे खनिज कळले आणि कारखाना साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, उभा राहिला.

या प्रसंगाचे वर्णन सामान्यतः चांद्याने गमावलेली संधी असे केले जाते. तथापि त्याला दुसरी बाजू आहे. चांद्याचा कोळसा ज्या गुणांमुळे भट्टीला चालला नाही, त्याच गुणांमुळे पुढे तो विजेसाठी जाळला गेला. वर्धा खोऱ्यातील कोळशात राखेचे प्रमाण अधिक असते, त्यापासून चांगला कोक होत नाही. पण पाण्याची वाफ करण्यास तो पुरतो. लोखंडाचे वैभव जमशेदपूरला गेले आणि राखेचा वारसा चांद्याकडे आला, असे या इतिहासाचे सार काढता येईल. वरोड्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली. तोवर बल्लारपूरकडे नव्या खाणींना आरंभ झाला होता.

३. म्हैसूरची भद्रावती

म्हैसूर संस्थानाची अडचण नेमकी उलट होती. बाबाबुदन डोंगररांगेत केम्मनगुंडी येथे लोहखनिज होते, परंतु संस्थानात कोळसा नव्हता. यावर लाकडी कोळशाचा मार्ग काढण्यात आला. भद्रा नदीकाठी, शिवमोग्ग्याच्या जंगलांजवळ, म्हैसूर आयर्न वर्क्सची योजना १९१८ मध्ये आकाराला आली आणि जानेवारी १९२३ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी त्याच वर्षी व्यवस्थापन मंडळाचे अध्यक्षपद स्वीकारून डबघाईला आलेला हा उपक्रम सावरला. या योजनेचा सल्लागारही पेरिनच होता. चांद्यात कोळशाअभावी ज्याचा अंदाज नकारात्मक ठरला, त्याच अभियंत्याच्या सल्ल्याने येथे कोळशावाचून लोखंड गाळले गेले.

भद्रावतीच्या कारखान्यात लाकडाचे शुष्क ऊर्ध्वपातन करून कोळसा काढला जाई. त्यातून डांबर, काष्ठमद्यार्क आणि कॅल्शियम ॲसिटेट ही उपउत्पादनेही मिळत. तत्कालीन योजनाकारांची ही काटकसर प्रशंसनीय होती. पुढे कारखान्याला सिमेंटचा विभागही जोडला गेला. ज्याची बाजारात किंमत येते ते उपउत्पादन, ज्याची येत नाही ते टाकाऊ, असा विवेक येथे दिसतो. मात्र हा विवेक किमतीचा होता, परिणामांचा नव्हता. जे विकले गेले नाही ते कोठे गेले, हा प्रश्न त्यातून सुटत नव्हता.

१९३० च्या दशकात येथे पोलादाचे उत्पादन सुरू झाले, पुढे फेरोसिलिकॉन आले, विजेच्या भट्ट्या आल्या. कागदाचा कारखानाही याच गावी उभा राहिला. विश्वेश्वरय्यांचे नाव धारण करणारा हा लोखंड-पोलाद कारखाना पुढे स्टील ॲथॉरिटी ऑफ इंडियाच्या (सेलच्या) ताब्यात गेला आणि १९९८ मध्ये तिच्यात विलीन झाला. या सर्व वाढीचा भार एकाच नदीवर होता.

भद्रेची कथा भद्रावतीपाशी सुरू होत नाही. तिचा उगम पश्चिम घाटात कुद्रेमुखजवळ गंगामूळ येथे होतो. इराणच्या पोलाद उद्योगाला खनिज पुरवण्याच्या हेतूने १९७६ मध्ये कुद्रेमुख आयर्न ओअर कंपनी स्थापन झाली. खनिज धुऊन उरणारा गाळ अडवण्यासाठी लख्या धरण बांधले गेले आणि खनिजाचा राळा नळाने मंगळुरूपर्यंत नेला गेला. १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर मूळ ग्राहक उरला नाही, तरी खाण चालू राहिली. अखेर सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये निर्णय दिला आणि २००५ च्या अखेरीस येथील खाणकाम थांबले. खाण थांबली, परंतु धरणात साठलेला गाळ तेथेच राहिला. ज्या देशासाठी हे खनिज काढायचे ठरले होते तो देश या व्यवहारातून केव्हाच बाहेर पडला होता. गाळाला तशी मुभा नव्हती.

४. राखेचा जिल्हा

स्वातंत्र्यानंतर चंद्रपूरच्या वाट्याला जे उद्योग आले, ते जवळजवळ सर्व कोळशाभोवती गुंफलेले आहेत. १९७०च्या दशकाच्या आरंभी खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९८३ पासून चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राचे संच क्रमाने सुरू झाले. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. त्याला लागणारे पाणी इरई धरणातून येते. महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट हा मँगनीजयुक्त मिश्रधातूंचा कारखाना येथे उभा राहिला; पुढे तो सेलमध्ये विलीन झाला. घुग्घूस येथे स्पंज आयर्नचे उत्पादन सुरू झाले. चांद्यात लोखंड करण्याचे जमशेटजींचे स्वप्न अशा रीतीने शतकभराने वेगळ्या आणि तुकड्यातुकड्याच्या रूपात उतरले.

या उद्योगांतून धातू जमिनीत आणि पाण्यात कसे जातात, हे समजून घेणे आवश्यक आहे. दगडी कोळशात आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, निकेल, पारा ही मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात. कोळसा जळतो तेव्हा त्यातील कार्बन वायुरूप होऊन निघून जातो. खनिज भाग मागे राहतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळदा ३५ ते ४० टक्के असते. म्हणजे दहा टन कोळसा जाळल्यावर साडेतीन ते चार टन राख उरते आणि उडून न जाणारी मूलद्रव्ये तिच्यात अडीच ते तीन पट संहत होतात. पारा बहुतांशी धुराबरोबर बाहेर पडतो. भट्टीच्या उष्णतेत वायुरूप झालेले आर्सेनिक, सेलेनियम यांसारखे घटक धूर थंड होताना राखेच्या सूक्ष्म कणांवर पुन्हा बसतात. हे सूक्ष्म कण वाऱ्यावर दूरवर जातात आणि श्वासावाटे फुप्फुसात खोलवर उतरतात. अवशिष्टाचा हा भाग म्हणूनच सर्वांत घातक होय.

पाण्यात कालवून राखतळ्यात सोडलेल्या राखेतील काही घटक पाण्यात उतरतात. तळ्याला अस्तर नसेल तर ते भूजलापर्यंत पोहोचू शकतात. खाणीत वेगळीच रासायनिक क्रिया घडते. कोळशाबरोबर असलेल्या लोहमाक्षिकाचा हवा आणि पाणी यांच्याशी संयोग झाला की गंधकाम्ल तयार होते, आणि हे आम्लयुक्त पाणी खडकांतील लोह, मँगनीज विरघळवून बाहेर आणते. भट्टीतील धातुमळी तुलनेने स्थिर असते, कारण तिच्यातील बरेच धातू काचेसारख्या सिलिकेटमध्ये बांधलेले असतात. परंतु मँगनीजच्या भट्टीची मळी, धूळ पकडणाऱ्या यंत्रांत साठलेली भुकटी आणि स्पंज आयर्नच्या भट्टीतून उरणारा अर्धवट जळालेला कोळसा यांची प्रकृती सारखी नसते. सर्वांना एकच 'औद्योगिक कचरा' म्हणून ओळखणे म्हणजे त्यांच्यातील भेद पुसून टाकणे होय.

राखतळे किती काळ सुरक्षित राहते, या प्रश्नाचे एक उत्तर विदर्भाने १६ जुलै २०२२ रोजी पाहिले. नागपूरजवळ कोराडी वीज केंद्राच्या खसाळा येथील राखतळ्याचा बांध पावसात फुटला आणि राख शेतांत व ओढ्या-नद्यांत पसरली. ज्या पाण्यात ती मिसळली ते पुढे कन्हानकडे जाते, आणि कन्हान हा नागपूर शहराच्या पाणीपुरवठ्याचा एक स्रोत आहे. वीज वापरणारे शहर आणि राख सांभाळणारे गाव यांतील अंतर त्या दिवशी नाहीसे झाले.

५. एका यादीतील दोन नावे

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांचे सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकानुसार मूल्यमापन केले. हवा, पाणी आणि जमीन या तिन्हींचा त्यात एकत्र विचार होता. ७० पेक्षा अधिक गुण मिळालेली ४३ क्षेत्रे 'अतिगंभीर प्रदूषित' ठरली. त्यांत चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होते. त्याच यादीत कर्नाटकातील भद्रावती ७२.३३ गुणांसह होती. जानेवारी २०१० मध्ये या क्षेत्रांतील नव्या उद्योगांच्या पर्यावरणीय मंजुऱ्या काही काळ रोखण्यात आल्या.

हा निर्देशांक केवळ धातूंचा नाही, आणि एका आकड्याने गावाचे आरोग्य कळत नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही इतिहासाच्या दृष्टीने ही यादी महत्त्वाची आहे. एका प्रदेशात विपुल कोळसा होता, दुसऱ्यात तो मुळीच नव्हता. एकीकडे लोहउद्योगाचे प्रयत्न फसले, दुसरीकडे संस्थानी दूरदृष्टीने ते यशस्वी झाले. उत्पादनाच्या इतिहासात हे दोन प्रदेश परस्परविरुद्ध टोकांना उभे आहेत. अवशिष्टाच्या इतिहासात ते एकाच पानावर येतात.

६. बरांज ते बोगादी

म्हैसूर शहराचा विजेशी परिचय फार जुना आहे. शिवनसमुद्र येथील धबधब्यावरील केंद्रातून १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली. बंगळुरूला ती १९०५ मध्ये आणि म्हैसूरला १९०८ मध्ये पोहोचली. तो प्रकाश पडत्या पाण्याचा होता आणि त्याच्यामागे राख नव्हती. १९८५ मध्ये रायचूर येथील औष्णिक केंद्र सुरू झाल्यावर कर्नाटकाच्या विजेत कोळशाचा वाटा निर्माण झाला आणि पुढे बळ्ळारीजवळ कुडतिनी येथे दुसरे केंद्र उभे राहिले. या केंद्रासाठी कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनला २००३ मध्ये ज्या कोळसा खाणी देण्यात आल्या, त्या चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती तालुक्यात बरांज परिसरात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये २०४ कोळसा खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले, त्यात याही खाणी होत्या. पुढे त्या पुन्हा याच महामंडळाला मिळाल्या आणि काही वर्षांच्या खंडानंतर उत्पादन सुरू झाले. या सर्व काळात पुनर्वसनाच्या मागणीसाठी बरांजच्या रहिवाशांना वेळोवेळी आंदोलने करावी लागली.

म्हैसूरच्या पश्चिमेला, मानसगंगोत्रीच्या पलीकडे बोगादी हे उपनगर आहे. तेथे पोलादाची भट्टी नाही, कोळशाची खाण नाही, राखतळेही नाही. परंतु राज्याच्या वीजजाळ्यातून तेथील घरांत येणाऱ्या प्रकाशाचा एक अंश कोळशाचा आहे, आणि त्या कोळशाचा काही भाग विदर्भातील भद्रावतीतून गेलेला आहे. खाणीचे आम्लयुक्त पाणी आणि मातीचे ढिगारे बरांजला राहतात, राख कुडतिनीला राहते, प्रकाश बोगादीला जातो. यात बोगादीच्या रहिवाशांचा दोष नाही. त्यांच्या वीजदेयकावर राखेचे वजन छापलेले नसते. दोष असलाच तर तो अशा हिशेबपद्धतीचा आहे, जी मालाचा प्रवास मोजते आणि अवशिष्टाचा मुक्काम मोजत नाही.

७. समारोप

कायद्याने या प्रश्नाची दखल उशिरा, पण निश्चितपणे घेतली आहे. सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने वीज केंद्रांच्या राखेचा विटा आणि बांधकाम यांत वापर करणे बंधनकारक केले. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने संपूर्ण राखेच्या वापराचे उद्दिष्ट ठरवले, न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपयांची भरपाई आकारली आणि पूर्वीपासून साठलेल्या राखेचाही दहा वर्षांत विनियोग करण्यास सांगितले. 'जुनी राख' ही स्वतंत्र कोटी कायद्याच्या भाषेत येणे ही लहान गोष्ट नाही. अवशिष्टाला वय असते, ही मंडूराच्या परंपरेतील जाणीव येथे वेगळ्या मार्गाने परत आली आहे.

तथापि वापर म्हणजे निरसन नव्हे. राखेची वीट झाली तरी तिच्यातील धातू वीटेत असतात. खचलेल्या खाणीत राख भरली तर ते भूजलाच्या शेजारी जातात. सिमेंटमध्ये बद्ध झालेली राख आणि उघड्यावर पसरलेली राख यांत मोठा फरक आहे. म्हणून किती टन राख वापरली, एवढी नोंद पुरेशी नाही. ती कोणत्या खाणीच्या कोळशाची, कोणत्या वर्षीची, तिचे रासायनिक घटक कोणते आणि ती अखेर कोठे ठेवली, या चार गोष्टी लिहून ठेवल्या पाहिजेत. भट्टीच्या मळीला आणि खाणीच्या पाण्यालाही हाच न्याय लागू होतो.

भद्रावतीच्या कारखान्याला जानेवारी २०२३ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली, आणि त्याच महिन्यात तो बंद करण्याचा निर्णय पुढे आला. कामगारांनी विरोध केला. त्याच वर्षी काही विभाग पुन्हा चालू झाले. कारखान्याच्या भवितव्याची चर्चा होणे योग्यच आहे, कारण त्यावर हजारो कुटुंबांचे जीवन अवलंबून राहिले आहे. परंतु १९२३ मध्ये त्या भट्टीतून पहिल्यांदा बाहेर पडलेल्या कीटालाही शंभर वर्षे झाली, हे त्या चर्चेत आले नाही. रसशास्त्राच्या दंडकाप्रमाणे ते आता विषाच्या कोटीतून बाहेर पडले असे म्हणावे, तर तो दंडक साध्या भट्टीतील लोखंडासाठी होता; मँगनीज, क्रोमियम आणि दगडी कोळशाच्या राखेसाठी नव्हता. या नव्या अवशिष्टाचे वय कोणत्या दंडकाने मोजायचे, हे ठरवण्यासाठी प्रथम त्याची जन्मनोंद हवी. दोन्ही भद्रावतींत ती नोंद ठेवण्यास आरंभ करणे हे जसे रसायनशास्त्रज्ञांचे, तसेच इतिहासाच्या अभ्यासकांचेही काम आहे.